खुनाची फिर्याद कुणाची? शरीयतमधला किसास, दिया आणि माफी

खाडीपार (धागाकर्ता)

चोराला मालक माफ करू शकत नाही, पण खुन्याला मयताचा मुलगा माफ करू शकतो. शरीयतच्या फौजदारी कायद्यातली ही गोष्ट पहिल्यांदा कानावर आली तेव्हा मला वाटलं, सांगणाऱ्याची काहीतरी उलटापालट झाली असावी. झालेली नव्हती. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हा धागा.

मी अकरा वर्षं सौदीत होतो, जुबैलला. काम कागदपत्रांचं. कामगारांचे इकामे (तिथे राहण्याचे परवाने), विम्याची प्रकरणं, आणि कुणी पोलिसांत अडकलं तर दुभाष्या म्हणून त्याच्यासोबत कोर्टात जाणं. २००९च्या हिवाळ्यात आमच्या एका ड्रायव्हरने ट्रेलर मागे घेताना एक येमेनी मजूर चिरडला. ड्रायव्हर आपल्या खेड तालुक्यातला, सदतीस वर्षांचा. चूक त्याचीच होती, तो ती नाकारतही नव्हता. मजूर जागीच गेला.

कोर्टात मी आपल्याकडच्या सवयीने सरकारी वकील काय म्हणतो याची वाट पाहत होतो. काझींनी ड्रायव्हरला चार-दोन प्रश्न विचारले, जबाब लिहून घेतला आणि मग ते वळले मयताच्या वडिलांकडे. येमेनमधल्या होदेदाहून आलेला म्हातारा माणूस, हातात वारसांच्या नावांचा कागद. काझींनी त्याला विचारलं, "तुझं म्हणणं काय आहे?"

मला त्या प्रश्नाचं फार नवल वाटलं होतं. सगळं कोर्ट त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबलं होतं.

म्हातारा म्हणाला, "माझा वाटा मी सोडतो. पोरांचा सोडणार नाही." यात भावना होती, पण नेमका कायदाही होता. चुकून झालेल्या मृत्यूची दिया, म्हणजे जीवाची भरपाई, तेव्हा सौदीत एक लाख रियाल होती. ती वारसांत शरीयतच्या वारसाहक्काप्रमाणे वाटली जाते. मुलं असतील तर बापाला सहावा हिस्सा, बायकोला आठवा, उरलेलं मुलांचं. सज्ञान वारस आपला हिस्सा सोडू शकतो, त्याला तनाझुल म्हणतात. अज्ञान मुलांचा हिस्सा त्यांचा आजोबाही सोडू शकत नाही, काझीही नाही. सहावा हिस्सा वजा होऊन ८३,३३४ रियाल उरले. ते विम्यातून आणि कंपनीकडून मिळून भरले गेले आणि ड्रायव्हर सुटला.

आता मूळ मुद्दा. इस्लामी न्यायशास्त्रात गुन्ह्यांचे ढोबळमानाने तीन कप्पे आहेत. पहिला हद्दचा, अनेकवचन हुदूद. चोरी, वाटमारी, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ, मद्यपान हे यात येतात. धर्मत्याग यात धरायचा का यावर वाद आहे. या शिक्षा ठरलेल्या आहेत आणि तो 'अल्लाहचा हक्क' मानला जातो, म्हणून प्रकरण काझीपुढे गेलं की माणसाच्या हातात माफी उरत नाही. सफवान नावाच्या माणसाची हदीस (पैगंबरांबद्दलची परंपरेने आलेली हकिकत) प्रसिद्ध आहे. तो झोपलेला असताना त्याची चादर चोरीला गेली. चोर पकडला गेला, हात तोडायचं ठरलं, तेव्हा सफवानला दया आली. तो म्हणाला, चादर मी याला दिली. पैगंबर म्हणाले, हे तू त्याला माझ्याकडे आणण्याआधी का केलं नाहीस?

दुसरा कप्पा किसास आणि दियाचा: खून आणि शारीरिक इजा. हा 'माणसाचा हक्क' आहे. मयताच्या वारसांपुढे तीन वाटा असतात. जिवाला जीव मागायचा, दिया घ्यायची किंवा काही न घेता सोडून द्यायचं. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली १७८वी आयत हेच सांगते, आणि माफीला 'तुमच्या पालनकर्त्याकडून मिळालेली सवलत आणि कृपा' म्हणते. तिसरा कप्पा ताझीरचा, म्हणजे उरलेलं सगळं. ते काझीच्या किंवा राज्यकर्त्याच्या विवेकावर. प्रत्यक्षात इतिहासभर सर्वात मोठा कप्पा हाच राहिला.

आपण मराठीत 'हद्द झाली' म्हणतो ना, ती हीच हद्द. अरबीत तिचा अर्थ सीमाच. कुराणात 'या अल्लाहच्या हद्दी आहेत, त्या ओलांडू नका' असं वाक्यच आहे.

म्हणजे खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा नाही, एका घराचं दुसऱ्या घरावर झालेलं देणं आहे. मला यात एकाच वेळी फार मोठं माणूसपण दिसतं आणि फार मोठं भगदाडही. माझं मत असं की प्रश्न माफीचा नाहीच. वारसाने माफ केल्यावर राज्य स्वतःचा हक्क शिल्लक ठेवतं की नाही, यावर सगळं ठरतं. सौदीत याला सोपी नावं आहेत, आमच्या कॅम्पातल्या पोरांनाही ती पाठ असायची: 'हक्क खास' वारसांचा, 'हक्क आम' सरकारचा. खास सुटला तरी आम राहतो.

जाणकारांनी भर घालावी. मतभेद असतील तर तेही यावेत.

---

मीरा_ठाणे

खूप नवीन कळलं. पण मग श्रीमंताने खून करायचा आणि पैसे टाकून मोकळं व्हायचं, असंच ना? गरिबाच्या घरी कर्ता माणूस गेला तर ते 'नको' म्हणतील कशाच्या जोरावर?

---

दफ्तरखाना

मीराताई, हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात कागदावर आलेला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने बंगालची दिवाणी घेतली तेव्हा तिथली फौजदारी न्यायव्यवस्था मुसलमानी होती, आणि कंपनीने ती पुढे बरीच वर्षं तशीच चालवली. निकालाआधी काझी-मुफ्ती फतवा देत आणि सगळं हनफी मताप्रमाणे चाले (अबू हनीफांची शाखा; सुन्नी न्यायशास्त्राच्या बाकी तीन म्हणजे मालिकी, शाफई, हनबली). १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने कौन्सिलला लिहिताना नेमक्या दोन गोष्टींवर बोट ठेवलं होतं. एक म्हणजे वारसांची माफी. दुसरी म्हणजे अबू हनीफांचा हत्याराचा नियम.

हा दुसरा नियम फार कमी लोकांना माहीत असतो. अबू हनीफांच्या मते 'जाणूनबुजून खून', ज्याला किसास लागतो, तो धारदार हत्याराने केलेला असला पाहिजे. मारणाऱ्याचं मन उघडून बघता येत नाही, म्हणून हत्यार हाच हेतूचा पुरावा. तलवारीने मारलं तर किसास. पाण्यात बुडवून किंवा काठीने मारलं तर दिया. त्यांचेच दोन शिष्य, अबू युसूफ आणि मुहम्मद, यांना हे मान्य नव्हतं. ज्याने एरवी माणूस मरतोच अशा कुठल्याही साधनाने मारलं तरी तो खूनच, असं त्यांचं म्हणणं.

कॉर्नवॉलिसने १७९०च्या डिसेंबरात जे बदल केले त्यातला पहिला असा, की गुरूचं मत सोडून शिष्यांचं धरायचं: हत्यार बघू नका, हेतू बघा. दुसरा बदल वारसांच्या माफीचा हक्क काढून घेण्याचा. त्याच सुमारास हातपाय तोडण्याची शिक्षाही गेली. फतव्यात एक अवयव तोडायचा आला तर सात वर्षं कैद, दोन आले तर चौदा. म्हणजे काझी फतवा देतच राहिले आणि कंपनीने त्या फतव्याचं कैदेत भाषांतर करण्याचं कोष्टक बनवलं. १८३२ साली बिगर-मुसलमान आरोपींना मुसलमानी कायद्याखालचा खटला नाकारण्याची मुभा मिळाली. शेवटी १८६० चं इंडियन पिनल कोड आलं, ते १ जानेवारी १८६२ पासून लागू झालं आणि हा अध्याय संपला.

आपल्याकडे मात्र तो आधीच संपला होता. मुंबई इलाख्यात कंपनीच्या कोर्टांनी आधी हिंदूंना हिंदू शास्त्र आणि मुसलमानांना शरीयत लावून पाहिली. मग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२७ च्या चौदाव्या रेग्युलेशनने सगळ्यांना एकच फौजदारी संहिता दिली. बंगालच्या तेहेतीस वर्षं आधी. पिनल कोडचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेचं नाव सगळ्यांना माहीत असतं, एल्फिन्स्टन म्हटलं की आपल्याला कॉलेज आणि रेल्वे स्टेशनच आठवतं, याचं मला वाईट वाटतं.

---

खाडीपार

दफ्तरखाना, हत्याराचा नियम मला माहीत नव्हता. मनापासून आभार. सौदीत हनबली मत चालतं, तिथे जड दगड, विष, गळा दाबणं हे सगळं जाणूनबुजूनच्या खुनात येतं. त्यामुळे मला हा फरक कधी जाणवलाच नाही.

---

निशिगंध

मी वकिली करते (मुंबई, फौजदारी). दफ्तरखाना यांनी जिथे सोडलं तिथून पुढे.

१७९० साली कॉर्नवॉलिसने वारसांची माफी काढली. बरोबर दोनशे वर्षांनी, १९९० साली, पाकिस्तानने ती परत आणली. आणि आणली ती त्याच १८६० च्या कोडमध्ये. पाकिस्तान पिनल कोड म्हणजे आपलंच जुनं आयपीसी, कलमांचे आकडेसुद्धा तेच. १९८९ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या शरीयत अपील पीठाने सांगितलं की खून आणि दुखापतीची कलमं इस्लामविरोधी आहेत, कारण त्यांत किसास, दिया आणि तडजोडीला जागा नाही. मग अध्यादेश निघाला आणि १९९७ साली त्याचा कायदा झाला. कलम ३२३ मध्ये दियतची (दियाचंच तिथलं नाव) किमान रक्कम चांदीत लिहिलेली आहे: ३०,६३० ग्रॅम. हनफींचे दहा हजार दिरहम त्यात दडलेले आहेत, एक दिरहम ३.०६ ग्रॅम चांदीचा धरून. सरकार दरवर्षी त्याचे रुपये जाहीर करतं.

मीराताईंचा प्रश्न तिथे अक्षरशः खरा ठरला. २०११ च्या जानेवारीत लाहोरमध्ये रेमंड डेव्हिस नावाच्या अमेरिकन हस्तकाने भर रस्त्यात दोघांना गोळ्या घातल्या. मार्चमध्ये वारसांनी कोर्टात माफी दिली आणि तो त्याच दिवशी देशाबाहेर गेला. सुमारे २४ लाख डॉलर दियत दिली गेल्याच्या बातम्या आल्या.

पण त्याहून भयंकर प्रकार घरातला आहे. तथाकथित इज्जतीसाठी भाऊ बहिणीला मारतो. बहिणीचे वारस कोण? आई-बाप. तेच आई-बाप मुलाचेही. एक लेकरू गेलं, दुसरं फासावर जाऊ द्यायचं का, असा प्रश्न त्यांच्यापुढे येतो आणि ते माफ करतात. कधीकधी तर मारायचं सगळ्यांनी मिळूनच ठरवलेलं असतं. म्हणजे फिर्यादी, आरोपी आणि माफ करणारा एकाच चुलीवर जेवणारे. २०१६ च्या जुलैमध्ये मुलतानजवळ सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचचा खून तिच्या भावाने केला. त्यावर एवढा संताप उसळला की ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला: अशा खुनात वारसांनी माफ केलं तरी जन्मठेप झालीच पाहिजे. २०१९ साली भावाला जन्मठेप झाली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने त्याला सोडलं. आईने माफ केलं होतं.

कायद्यात 'फसाद-फिल-अर्ज' नावाची तरतूद होती, म्हणजे समाजात अनर्थ माजवणाऱ्याला माफीनंतरही शिक्षा देण्याची कोर्टाला मुभा. तो तिथला 'हक्क आम'. दार होतं, पण न्यायाधीश ते उघडत नव्हते. त्यामुळे खाडीपार यांचं मत मला अर्धंच पटतं. राज्याचा हक्क कागदावर असून भागत नाही.

---

पश्चिमवारा

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक सांगतो आणि स्पष्ट सांगतो. तुम्ही सगळे दिया आणि माफीवर बोलताय, कारण ती त्यातली बरी बाजू आहे. हात तोडणं, दगडांनी ठेचून मारणं, फटके, धर्म सोडला म्हणून मृत्युदंड, यावर एक ओळ. ७ डिसेंबर २०२२ ला अफगाणिस्तानात फराह शहरात शेकडो लोकांसमोर मयताच्या बापाने आरोपीला बंदुकीने तीन गोळ्या घालून मारलं, तालिबानचे मंत्री बघायला हजर होते. हाही किसासच. तुमच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायची तर या बापाचीही सांगा.

---

खाडीपार

पश्चिमवारा, सांगायलाच हवी. तुम्ही आणलीत ते बरं झालं. ते चित्र आणि मी पाहिलेलं कोर्ट एकाच नियमातून निघालेलं आहे. नियम वारसाला विचारतो, आणि वारस काय उत्तर देईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. २०१४ साली इराणच्या माझंदरान प्रांतात एका आईने मुलाच्या खुन्याच्या गळ्यात फास पडलेला असताना जवळ जाऊन त्याला थोबाडीत मारली, आणि मग नवऱ्यासोबत स्वतःच्या हाताने फास काढला. तो फोटो जगभर गेला. तिने फास काढला नसता तरी तिच्या हक्कात काही फरक पडला नसता. एवढा मोठा निर्णय दुःखात बुडालेल्या माणसाच्या अंगावर टाकणं मला क्रूर वाटतं. माफ केलं नाही तरी तो निर्णय जन्मभर सोबत राहतो.

हुदूदबद्दल. शास्त्रकारांनी या शिक्षांभोवती इतक्या अटी उभ्या केल्या की त्या क्वचितच लागू व्हाव्यात. चोरीला हात तुटायचा तर माल राखीव जागेतला हवा, ठरावीक किमतीच्या वर हवा (हनफींकडे दहा दिरहम, शाफई-मालिकींकडे पाव दिनार), चोराचा त्यात दूरान्वयानेही हिस्सा असू नये. दुष्काळात खलिफा उमर यांनी ही शिक्षा थांबवली होती. व्यभिचाराला चार प्रत्यक्ष साक्षीदार लागतात, आणि चौघे जमले नाहीत तर आळ घेणाऱ्यालाच ऐंशी फटके. 'शंका असेल तर हद्द टाळा' हे फिकहमधलं, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रातलं, गाजलेलं सूत्र. ऑटोमन काळातल्या इस्तंबूलमध्ये दगडांनी मारल्याची नोंदलेली घटना एकच सापडते, १६८० मधली.

पण हे सांगून मी त्या शिक्षांचं समर्थन करत नाही. अटी ज्यांनी घातल्या ते फकीह (शास्त्रकार) गेले आणि आधुनिक सरकारांनी शिक्षा उचलल्या, अटी मागे ठेवल्या. पाकिस्तानात जनरल झियांच्या १९७९ च्या हुदूद अध्यादेशांत तेच झालं. चार साक्षीदारांची अट बाईला वाचवायला होती. बलात्काराची तक्रार सिद्ध झाली नाही आणि बाईला दिवस गेलेले असले की तो व्यभिचाराचा पुरावा धरला गेला. १९८३ साली साहिवालच्या कोर्टाने एका जवळजवळ अंध मुलीला याच तर्काने शिक्षा दिली. फेडरल शरीयत कोर्टाने ती रद्द केली, पण कायदा नीट व्हायला २००६ उजाडलं. जी मुलगी खालच्या कोर्टात उभी होती तिला अटींचा काय उपयोग झाला?

धर्मत्यागाला मृत्युदंड मला कुठल्याच अटीसकट मान्य नाही.

---

निशिगंध

थोडी भर. १९८१ साली त्याच फेडरल शरीयत कोर्टाने दगडांनी मारण्याची शिक्षा इस्लामविरोधी ठरवली होती, कारण कुराणात व्यभिचाराला शंभर फटके आहेत, दगड नाहीत. झियांनी कोर्टाची रचनाच बदलली आणि १९८२ मध्ये निकाल फिरवून घेतला. तरीही पाकिस्तानात सरकारने आजवर ना कुणाला दगडांनी मारलं, ना कुणाचा हात तोडला. शिक्षा कायद्यात, भीती समाजात, आणि तुरुंगात प्रत्यक्षात ज्यांना वकील मिळत नाही अशा बायका.

---

दापोलीकर

मी कोकणी मुसलमान. माझे दोन चुलते कुवेतला, एक मामा दम्मामला होते. या धाग्यावर शांतपणे बोलणं चाललंय, म्हणून लिहिते.

आमच्या घरात यातलं काही बोललं जात नाही. भारतात शरीयत लागू आहे ती लग्न, तलाक, वारसा एवढ्यापुरती, १९३७ च्या कायद्याने. फौजदारीत आम्ही तुमच्यासारखेच, काल आयपीसी, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता. लोक मला विचारतात 'तुमच्यात हात तोडतात ना', तेव्हा काय उत्तर द्यावं कळत नाही. माझ्या सात पिढ्यांनी असलं कोर्ट पाहिलेलं नाही.

दिया मात्र आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, ती आखातामुळे. कुणाचा पोरगा तिकडे गाडी चालवत असतो, कुणाचा तिकडे अपघातात गेलेला असतो. दोन्ही बाजू आम्ही बघितल्या आहेत.

२०२४ च्या एप्रिलमध्ये केरळच्या लोकांनी एका माणसासाठी ३४ कोटी रुपये जमवले, दीड कोटी रियाल. तो २००६ मध्ये रियाधला एका अपंग मुलाला सांभाळायला आणि गाडी चालवायला म्हणून गेला होता, आणि त्याच्या हातून तो मुलगा गेला. अठरा वर्षं मृत्युदंडाच्या सावलीत होता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांनी पैसे दिले. इथे एक समजून घ्या, की हे ३४ कोटी सरकारी दराची दिया नाहीत. किसास सोडायचा तर वारस कितीही मागू शकतात, तिथे कायद्याचा दर चालत नाही. आणि पैसे भरूनही तो लगेच सुटला नाही. जुलैमध्ये मृत्युदंड गेला, पण 'हक्क आम' मध्ये कोर्टाने २०२५ साली वीस वर्षं धरली, भोगलेली त्यात वजा.

येमेनमध्ये खुनासाठी मृत्युदंड झालेल्या केरळच्याच एका नर्सचं उलट झालं. १६ जुलै २०२५ ही शिक्षेची तारीख ठरली होती, ती ऐनवेळी पुढे ढकलली गेली. केरळमधून पैसे द्यायला माणसं तयार होती आणि मयताचा भाऊ जाहीरपणे सांगत होता की आम्हाला दिया नको, किसास हवा. मीराताई म्हणतात तसं पैशाने सगळंच विकत घेता येतं असं नाही, हेही खरं आहे.

खाडीपारभाई, एक विचारते. चुकून मारणाऱ्यावर दियासोबत कफ्फारा (प्रायश्चित्त) असतो, दोन महिने सलग रोजे. त्या खेडच्या भावाने ते ठेवले का?

---

अश्विन७

माझा भाऊ अल खोबारला आहे, म्हणून थेट विचारतो. मरणारा हिंदू असेल तर दिया तेवढीच मिळते का?

---

खाडीपार

अश्विन, सौदीत नाही. आणि हे लिहिताना मला आजही राग येतो.

शास्त्रात यावर मतं वेगळी आहेत. अबू हनीफांच्या मते मुसलमान आणि बिगर-मुसलमान रहिवासी यांची दिया सारखीच, आणि मुसलमानाने त्याला जाणूनबुजून मारलं तर किसासही लागतो. ज्यू-ख्रिस्तींना मालिकी निम्मी देतात, शाफई एक तृतीयांश. ज्यू-ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी हनफी सोडून बाकीच्यांनी ८०० दिरहम धरले, मुसलमानाच्या १२,००० समोर. म्हणजे पंधरावा हिस्सा. बाईची दिया पुरुषाच्या निम्मी. सौदीत चुकून झालेल्या मृत्यूची रक्कम २०११ पासून तीन लाख रियाल झाली, पण धर्मावरचा हा फरक मागे उभाच राहिला. माझ्या काळात आंध्रच्या एका हिंदू मजुराच्या बायकोला मिळालेला आकडा मीच फोनवर सांगितला होता. तो सांगताना जीभ जड झाली होती. ज्या कायद्याने त्या येमेनी पोरांचा पैसान् पैसा राखला, त्याच कायद्याने या बाईच्या नवऱ्याचं मोल एवढं कमी धरलं. अमिरातीत दोन लाख दिरहम ठरलेले आहेत. इराणने २००४ साली मान्य अल्पसंख्याकांची दिया मुसलमानाएवढी केली. म्हणजे बदलता येतं.

भावासाठी काही गोष्टी. नोकरीच्या करारात कंपनीचा जीवनविमा आहे का, ते आत्ताच बघायला सांगा. तो दियापेक्षा वेगळा असतो आणि त्यात धर्म येत नाही. गाडी चालवत असेल तर इन्शुरन्स कधीही संपू देऊ नये, कारण विमा नसला तर रक्कम भरेपर्यंत तुरुंगात बसावं लागतं. आणि घरी वारसाची वेळ आलीच तर वारस दाखला आणि वकिलातीच्या नावे मुखत्यारपत्र लागतं, दोन्ही साक्षांकित. इथे तहसीलदाराकडेच महिने जातात.

दापोलीकरताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देतो. ते चार ओळींत सांगण्यासारखं नाही.

---

मीरा_ठाणे

मी पहिला प्रश्न विचारला होता तो रागात. आता वेगळं लिहिते.

माझ्या मावसभावाचा खून झाला त्याला सात वर्षं झाली. खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' असा चालू आहे. मावशी दर तारखेला जाते, मागच्या बाकावर बसते. सात वर्षांत कोर्टाने तिला एकदाच बोलावलं, साक्षीला. मुलाला शेवटचं कधी पाहिलं, अंगावर कुठला शर्ट होता, एवढंच विचारलं. तिचं म्हणणं काय आहे हे आजवर तिला कुणी विचारलेलं नाही. तारीख पुढे गेली तरी तिला शिपायाकडून कळतं. भावाच्या पगारावर घर चालायचं.

मावशीला किसास मिळावा असं मला वाटत नाही. तिच्यावर कुणी माफीसाठी दबाव आणावा असंही नाही, आणि आमच्या गल्लीत तो नक्की आला असता. पण खाडीपारांनी काझींचं ते वाक्य लिहिलंय ना, "तुझं म्हणणं काय आहे", ते वाचून मी रडले.

---

निशिगंध

मीरा, मावशींसाठी दोन गोष्टी करता येतील. खटल्यात सरकारी वकिलाला मदत करायला स्वतःचा वकील देता येतो, लेखी युक्तिवादही मांडता येतो. आणि पीडित भरपाई योजना २००८ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आरोपी सुटला तरी भरपाई मिळू शकते. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, कागद मी बघते.

---

पश्चिमवारा

मीराताई, तुमचा प्रतिसाद वाचला. माझं मत बदललेलं नाही, शिक्षा देणं राज्याचंच काम. पण 'शासन विरुद्ध' म्हणजे घरचे बाद, हे मी कधी त्यांच्या बाजूने पाहिलंच नव्हतं.

---

खाडीपार

दापोलीकरताई, आता तुमचं उत्तर.

कफ्फारा कोर्ट तपासत नाही. काझींनी निकालाच्या शेवटी त्याला एवढंच सांगितलं की तुझ्यावर दोन महिन्यांचे सलग रोजे आहेत, ते तू आणि अल्लाह. कुराणात चौथ्या सूरेत आहे ते: गुलाम मुक्त करा, ते जमत नसेल तर दोन महिने सलग. मला वाटलं होतं सुटल्यावर तो पहिलं विमान पकडेल. त्याने रजा मागितली नाही. म्हणाला, इथे झालंय ते इथेच फेडून जातो.

जानेवारीत सुरू केले. दिवस लहान, पण काम तेच, फक्त ट्रेलरऐवजी त्याला गोडाऊनवर ठेवलं होतं. खोलीत चौघे होते, दोघे आपल्याकडचे, एक नेपाळी, एक बिहारचा. पहाटे नेपाळी पोरगा उठून त्याच्यासाठी चहा ठेवायचा. सदतीसाव्या दिवशी त्याला सडकून ताप आला, डॉक्टरने सलाईन लावलं, दोन रोजे सुटले.

मशिदीतले सौदी इमाम त्याला म्हणाले, आजारपणाने सलगपणा मोडत नाही, बरा झालास की सदतीसाव्यापासून पुढे धर. हनबली मत तसंच आहे. पण तुम्ही कोकणी लोक शाफई. याने खेडला आपल्या मौलवींना फोन केला. ते म्हणाले, आपल्याकडे मोडतो. इमामांचं ऐकलंस तरी पाप नाही, पण विचारतोस म्हणून सांगतो.

त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली. एप्रिल संपताना साठ पुरे झाले.

त्या संध्याकाळी मी खजूर घेऊन खोलीवर गेलो होतो. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक काट्या मारायचा, आधीच्या छत्तीस काट्याही तशाच होत्या, खोडल्या नव्हत्या. मी विचारलं, "हे छत्तीस कुणाचे?" तो म्हणाला, "ते त्याच्या बापाचे. सहावा हिस्सा सोडला त्यानं."